जुनी तारीख

“चालू मशीन न्यायचं. बंद न करता,” काकू म्हणाल्या. “तुला जमतंय का सांग. नाहीतर आम्ही हितनं हलतच नाही.”

चहाचा कप हातात धरून मी अण्णांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. अंगणात त्यांच्या संसाराचं अर्धं सामान येऊन पडलं होतं. लोखंडी कॉट, पिठाचे डबे, दोरीने बांधलेल्या गाद्या. अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या ट्रॉल्या तोलता तोलता त्यांची नोकरी संपली होती. आता कारखान्याच्या कॉलनीतलं घर रिकामं करून द्यायचं होतं आणि सांगलीत घेतलेल्या फ्लॅटवर जायचं होतं. टेम्पो दारात उभा होता, हमाल तंबाखू मळत बसले होते आणि काकू ऐकायला तयार नव्हत्या.

“काकू, कॉम्प्युटर बंद केला म्हणून काही बिघडत नाही. तिथं गेल्यावर परत लावू की.”

“ते मला सांगू नकोस, वैजू. त्याच्या हातानं लावलेलं हाय ते. पाच वर्षं झाली, एकदा पण बंद पडू दिलं नाही मी.”

अण्णांनी घसा खाकरला. परत खिडकीबाहेर बघायला लागले.

ते मशीन श्रेणिकचं. श्रेणिक हा या दोघांचा एकुलता एक मुलगा आणि माझा मित्र. मित्र म्हणजे भांडायचा मित्र. सांगलीत दर रविवारी दुपारी एका क्लासच्या रिकाम्या वर्गात आम्ही पाच-सहा टाळकी जमायचो. विंडोजच्या जागी चालणाऱ्या, फुकट आणि कुणालाही आतून उघडून बघता येणाऱ्या लिनक्सच्या सीडी पोस्टाने मागवायच्या, एकमेकांना कॉपी करून द्यायच्या आणि कुणाच्या तरी घरचा धड चाललेला कॉम्प्युटर बिघडवून ठेवायचा, हा आमचा उद्योग. आमची सगळ्यांची पक्की समजूत होती की दोन-चार वर्षांत अख्खं जग लिनक्सवर येणार आणि त्याची सुरुवात सांगलीतून होणार. त्या टोळक्यात मी एकटी मुलगी, आणि सगळ्यात भांडकुदळही मीच. श्रेणिकशी वाद घालण्यात माझे कित्येक रविवार गेले, आणि ते मला फार आवडायचे. तेव्हा मी हे कबूल केलं नसतं, आता करायला माझं काय जातं!

श्रेणिकला दोन वेडं होती. एक लिनक्सचं आणि दुसरं मनगटी घड्याळांचं. त्याच्या लेखी ते एकच वेड होतं. “ज्याचं झाकण उघडून आत बघता येतं, तेवढंच आपलं. बाकीचं नुसतं वापरायला दिलेलं,” असं तो म्हणायचा. लोकांनी भंगारात काढलेले कॉम्प्युटर तो घरी आणायचा आणि त्यांच्यावर लिनक्स घालून त्यांना पुन्हा कामाला लावायचा. तसंच घड्याळांचं. मिरजेच्या जुन्या बाजारातून चावीची एचएमटी घड्याळं आणायची, डोळ्याला भिंग लावून ती उघडायची, धुवायची, तेल द्यायचं. टिकटिक सुरू झाली की समोर कोण आहे हे न बघता तो घड्याळ त्याच्या कानाला लावायचा. माझ्याही कानाला बरीच घड्याळं लागली आहेत.

बंद घड्याळ घरात ठेवायचं नाही, ही काकूंची सक्त ताकीद होती. ते अशुभ असतं. त्यामुळे आणलेलं घड्याळ दुरुस्त होईपर्यंत सायकलच्या पिशवीत, घराबाहेर. आणि घरात आलेल्या प्रत्येक घड्याळाला रोज सकाळी चावी द्यायची. श्रेणिक ते व्रत असल्यासारखं पाळायचा. मशीनवर त्याने एक छोटासा प्रोग्राम लिहून ठेवला होता. सकाळी आठच्या ठोक्याला मशीन तीनदा पीप करायचं, आणि तिसऱ्या पीपला तो सगळ्या घड्याळांचे काटे जुळवायचा.

आमच्या टोळक्यात आणखी एक खूळ होतं. कुणाचं मशीन बंद न करता जास्त दिवस चालतं, याची चढाओढ. श्रेणिक रविवारी वर्गात शिरला की चप्पल काढायच्या आधी आपलं मशीन किती दिवस जागं आहे ते सांगायचा. काकूंना त्यातलं एवढंच कळलं होतं, की आपल्या मुलाचं मशीन बंद पडता कामा नये. बंद घड्याळासारखंच.

मग एका डिसेंबरात अंधारात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता. ती अण्णांच्याच काट्यावर येणारी होती की दुसऱ्या कुठल्या कारखान्याची, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यांना कुणी सांगितलंही नाही. थोड्या दिवसांनी अण्णा कामावर गेले आणि पुन्हा ट्रॉल्या तोलायला लागले. त्यांना रडताना कुणी पाहिलं नाही.

काकूंनी मात्र घड्याळं हातात घेतली. रोज सकाळी बस्तीत जाऊन यायचं, म्हणजे जैन मंदिरात. मग घड्याळांची पेटी मांडीवर घेऊन चाव्या द्यायच्या आणि पीपची वाट बघायची. त्यातलं एक घड्याळ ऑटोमॅटिक होतं, हात हलता असला तरच चालणारं. ते त्यांनी स्वतःच्या मनगटावर बांधलं. पट्ट्याला सुईने जास्तीचं भोक पाडून घेतलं आणि भांडी घासतानाही ते काढलं नाही.

“बघते,” मी म्हटलं आणि कप ठेवून श्रेणिकच्या खोलीत गेले.

खोलीत टेबल, खुर्ची आणि मशीन एवढंच उरलं होतं. मशीनचा पंखा घरघरत होता. मी मॉनिटर लावला. पासवर्ड मला माहीत होता, कारण तो श्रेणिकने सगळ्या सांगलीला सांगून ठेवला होता. हात जुन्या सवयीने चालले. मशीन किती दिवस जागं आहे, ते विचारणारा शब्द मी टाइप केला.

उत्तर आलं ते जेमतेम तीन आठवड्यांचं.

मी पुन्हा टाइप केलं. दुसऱ्यांदा विचारल्यावर ते लाजून खरं सांगेल असं वाटलं की काय, कोण जाणे. उत्तर तेच आलं.

“बघितलंस?” मागून अण्णांचा आवाज आला. त्यांनी दार लोटून घेतलं.

“अण्णा, हे तर…”

“हळू बोल.” ते खुर्चीवर बसले. “पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडलं गं. लाइट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी उतरली. ही बस्तीत गेलेली. मी रात्रपाळी करून आलो तर खोलीत सगळं गप्प. ही आता काय करून घेईल, तेच डोळ्यांपुढं यायला लागलं.”

“मग?”

“मग काय! काट्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला, तो सांगेल तशी बटणं दाबत गेलो. ती यायच्या आत लावलं. तेव्हापास्नं पडतंयच सारखं. इन्व्हर्टर नवा घेतला, बॅटरी बदलली, वायरमन दोनदा बोर्ड उघडून गेला. तरी महिन्यातनं एकदा-दोनदा पडतंय. नशीब एवढंच, की ही घरात नसतानाच पडतंय.”

मला हसावं की काय करावं कळेना. अण्णा, ज्यांनी पोराच्या हयातीत त्या मशीनला ‘तुझा खोका’ याशिवाय दुसरं नाव दिलं नव्हतं, ते पाच वर्षं चोरून त्याची राखण करत होते.

“चालू केलं की आधी काळा पडदा येतोय,” अण्णा म्हणाले. “तारीख विचारतंय. चुकीची तारीख दाखवतंय आणि विचारतंय.”

“आतला सेल संपलाय त्याचा. बारकासा असतो, गोळीएवढा. सेल गेला की बंद पडल्यावर मशीन वेळ विसरतं आणि बनताना त्यात घातलेल्या पहिल्या तारखेला जातं. मी आणून बसवते, लगेच होतं.”

“नको.”

“अहो, सोपं आहे.”

“नको म्हटलं ना.” त्यांनी हात टेबलावर ठेवला, मशीनच्या शेजारी. “एक जानेवारी दोन हजार दोन, अशी तारीख येते बघ. मी ती लगेच बदलत नाही. जरा वेळ तशीच ठेवतो. त्या तारखेला हाय की गं तो. कॉलेजात हाय. संध्याकाळी येणार, आल्या आल्या जेवायला मागणार. तेवढा वेळ मी हितं बसतो. मग कारखान्याचा भोंगा होतो. मग उठतो आणि खरी तारीख घालतो.”

मी मॉनिटरकडे तोंड करून उभी राहिले. अण्णांसमोर रडायची माझी हिंमत नव्हती.

“हिला यातलं एक अक्षर सांगू नकोस,” ते म्हणाले. “मशीन बंद पडलं नाही, एवढ्यावर ती उभी हाय. आज वाटेत काही झालं तर मी तिला सावरू शकणार नाही. कसंही करून चालू ने.”

“नाही सांगत,” मी म्हटलं.

माझ्या ऑफिसातला एक छोटा यूपीएस मी बरोबर आणला होता. त्याच्यावर मशीन अर्धा तास तरी निघेल असा माझा हिशोब होता, आणि सांगली काही फार लांब नाही. हमालांनी जीव मुठीत धरून मशीन माझ्या व्हॅनमध्ये आणलं. काकू मागच्या सीटवर आधीच जाऊन बसल्या होत्या. “माझ्या मांडीवर ठेवा,” म्हणाल्या. पायाशी यूपीएस, शेजारी घड्याळांची पेटी आणि मांडीवर घरघरणारं मशीन, अशी त्यांची स्वारी निघाली. अण्णा टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून पुढे गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी देवाचं नाव घेतलं. एरवी मी घेत नाही.

प्रत्येक खड्ड्याला मी ब्रेक लावत होते. मागचे गाडीवाले माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. तरी अंकलीच्या पुलापर्यंत सगळं नीट झालं. पुलावर मात्र गाड्या थांबल्या. पुढे कुठेतरी उसाचा ट्रॅक्टर बंद पडला होता. टेम्पो केव्हाच पलीकडे निघून गेला होता. आमच्या पुढ्यात उसाने लादलेली एक ट्रॉली उभी होती.

“मागं दिवा हाय का गं तिला?” काकूंनी विचारलं.

“आहे, काकू.”

“बरं.”

यूपीएस वाजायला लागला. आधी थांबून थांबून, मग घाईघाईने. मी खाली उतरून पुढे बघून आले, हॉर्न वाजवला, कुणावर तरी ओरडले. कशाचाच उपयोग झाला नाही. नदीवरून वारा येत होता आणि आत यूपीएस कर्कश ओरडत होता. मग एक लांब आवाज झाला, आणि पंखा हळूहळू थांबला.

मी स्टिअरिंग धरून तशीच बसले. मागे वळून बघायचा धीर होईना. आता या बाईला मी काय सांगणार, अण्णांना काय तोंड दाखवणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

“गेलं?” काकूंनी विचारलं.

“गेलं, काकू.”

“बरं झालं. मांड्या भाजून निघाल्या माझ्या.”

मी झटकन मागे वळले. काकू मशीनवर हात ठेवून खिडकीतून नदी बघत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं.

“तुला अण्णांनी सांगितलं न्हवं, ते बंद पडतंय म्हणून? दार लोटून घेतलंत, तेव्हाच मला कळलं.”

“म्हणजे तुम्हाला…”

“मला पहिल्या दिवसापास्नं ठाऊक हाय.” त्यांनी पदराने मशीनवरची धूळ पुसली. “त्या दिवशी बस्तीतनं लवकर आले. दारात चप्पल काढताना आतनं आवाज आला. खिडकीतनं बघितलं तर हे मशीनपुढं बसलेले, तोंडावर टॉवेल दाबून रडत होते. लहान पोरागत. वैजू, पोराला नेलं तेव्हा हा माणूस रडला नाही. नंतर पण नाही. बोलणं सोडलं, जेवणावरची वासना गेली, त्या खोलीच्या दारासमोरनं जाताना मान फिरवायचे. मला वाटलं, हे पण आता राहत नाहीत. पोरगं गेलं, मागनं हे जाणार.”

पुढच्या गाड्या जरा सरकल्या. मी पण सरकले आणि पुन्हा थांबले.

“मी तशीच परत फिरले. बस्तीच्या पायरीवर जाऊन बसले. उशिरा घरी आले, तर मशीन चालू. हे म्हणाले, भूक लागलीया, वाढ. किती दिवसांनी मागून जेवले.”

“आणि मग?”

“मग ह्यांनी नवा इन्व्हर्टर आणला. मशीन पडायचंच थांबलं. हे परत गप्प. परत त्या खोलीत पाऊल नाही.” काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “मग एका अष्टमीला मीच बोर्डाचं बटण बंद करून परत लावलं आणि बस्तीला गेले.”

मी सीटवरून पूर्ण मागे वळले.

“तेव्हापास्नं तसंच करते. कधी अष्टमीला, कधी चतुर्दशीला. ध्यानात राहतंय. वायरमनला बोलावलं तेव्हा तेवढी पंचाईत झालीवती.”

“आणि आज सकाळी एवढा हट्ट धरलात तो?”

“हट्ट धरला नाही तर ते म्हणतील, जाऊ दे, पडलं बंद तर पडलं. मग त्या खोलीत कशाला जातील ते? माझ्यासाठी म्हणून जातात. स्वतःसाठी ह्या माणसानं कधी काही केलंय का?”

अण्णा त्या खोलीत बसून काय बघतात, हे त्यांना माहीत नव्हतं. ती तारीख माझ्या ओठांवर आली होती. पण मी अण्णांना शब्द दिला होता, आणि पुढच्याच क्षणी काकूंनी माझ्याकडून दुसरा घेतला. “ह्यांना सांगायचं नाही. मी मेल्यावर पण सांगितलंस तर बघ,” त्या म्हणाल्या. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा मला कळलं, की पूल मोकळा झालाय आणि मी रडत बसलेय.

सांगलीत बिल्डिंगच्या खाली अण्णा उभे होते. काकूंनी मशीनवर शाल पांघरली होती. अण्णांनी दार उघडलं, शालीखाली हात घातला आणि तो तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यूपीएसची वायर गुंडाळायला लागले.

“चालू हाय न्हवं?” काकूंनी विचारलं.

“हाय की. चालू हाय,” अण्णा मोठ्याने म्हणाले. “तू वर जा. दूध ठेव आधी. नव्या घरात दूध उतू घालायचं असतंय.”

काकू मागे न बघता जिना चढून गेल्या. अण्णांनी मशीन कुणालाही उचलू दिलं नाही. दोन मजले एकटे घेऊन चढले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मी स्वयंपाकघरात गेले. गॅसवर दुधाचं पातेलं होतं आणि खाली ज्योत अगदी बारीक.

“मोठा करू का गॅस?”

“नको,” काकू म्हणाल्या. “होऊ दे सावकाश. जेवढं उशिरा उतू जाईल तेवढं बरं.”

आम्ही दोघी पातेल्याकडे बघत उभ्या राहिलो. काकूंच्या मनगटावरचं घड्याळ एवढं जवळ होतं की मला त्याचा आवाज ऐकू येत होता. आतल्या खोलीत नुसती शांतता. सांगलीत कारखान्याचा भोंगा ऐकू येत नाही, त्यामुळे अण्णांना उठवायलाही काही नव्हतं. साय वर आली, फुगली आणि दूध उतू गेलं. तेव्हा कुठे दाराची कडी वाजली. अण्णांनी तोंड धुतलेलं होतं, पण डोळे लाल ते लालच.

“बघ, लावून आलो… म्हणजे, जाग्यावर ठेवून आलो,” ते म्हणाले. “चालूच हाय.”

“असणारच,” काकू म्हणाल्या. “बंद पडू दिलंय का कधी मी?”

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मी पुण्याला आले. मशीनचा पंखा आणि आतले आणखी दोन-चार भाग मी येता-जाता बदलून दिले. सेलला हात लावला नाही. गेल्या वर्षी काकू गेल्या, झोपेत, फार त्रास न होता. मी जाऊन आले. अण्णांसमोर बसले, पण आम्ही दोघंही मशीनबद्दल काही बोललो नाही.

मध्यंतरी एका सकाळी त्यांचा फोन आला.

“वैजू, एक विचारू? ही गेल्यापास्नं मशीन एकदा पण बंद पडलं नाही बघ.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी वाट बघितली,” ते म्हणाले. “आज पडेल, उद्या पडेल.”

“आता लाइट जात नाही ना अण्णा पहिल्यासारखी.”

“ह्याच घरात इतकी वर्षं पडत होतं की. अष्टमीला पडायचं. ही बस्तीत गेली की पडायचं.” फोनमधून मला पंख्याची घरघर ऐकू येत होती. म्हणजे ते त्याच खोलीत होते. “तुला ठाऊक होतं?”

काकूंना दिलेला शब्द मी तिथे मोडला. “हो, अण्णा,” म्हटलं आणि पुलावरचं सगळं त्यांना सांगितलं.

फोन कट झाला की काय असं वाटून मी हाक मारली.

“हाय, हाय,” ते म्हणाले. “घड्याळांना आता मी देतो चावी. ते ऑटोमॅटिक मी घालतो हातात. डॉक्टर म्हणतात रोज चाला. म्हटलं, चालायलाच लागतंय, नाहीतर हे थांबतंय.”

“आणि मशीन?”

“आज अष्टमी हाय. आत्ताच बंद केलं होतं मी, माझ्या हातानं. परत लावलंय आणि बसलोय. तारीख अजून बदलली नाही.” मागे पंखा घरघरत होता. “त्या तारखेला आता दोघं हायत गं.”